काकांच्या ट्रकचा खोकला

अरे, जुन्या इंजिनात हात घालायचा असेल तर आधी मला विचारा. आमचे दिगूकाका निर्मळ गावातून रोज दारोदारच्या टोपल्या उचलून केळी-भाजी बाजारात नेतात. त्यांचा सहा सिलिंडरचा म्हातारा ट्रक पुलावर चढताना धापा टाकायचा. नवीन इंजिन परवडणारं नव्हतं, म्हणून मी महिनाभर रविवारी खपून भंगारातला टर्बो बसवला, सायलेन्सरही बदलला. ट्रक असा पळायला लागला की काकांनी बोनेटला हारच घातला!

दुसऱ्या दिवशी काका रिकामा ट्रक घेऊन परत. "रस्त्यावर एक माणूस नाही की एक टोपली नाही!"

तेवढ्यात वाडीतल्या फुलाबाय तणतणत आल्या. "दिगू, आज आला का नाय? भाजी सुकली माझी!"

"दोनदा आलो गं तुझ्या दारावरून!"

"मग आवाज कसा नाय आला? तुझा ट्रक तलावापाशी खोकला की आम्ही टोपल्या बाहेर काढतो."

मी म्हटलं, "काका, हॉर्न वाजवायचा ना!"

फुलाबाय म्हणाल्या, "हॉर्नला कोन विचारतो? दिवसभर सगळेच वाजवतात."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "टर्बो राहू दे, बाळा. ट्रकचा खोकला तेवढा परत बसवून दे."