रांगोळीमागचा फळा

अप्पा : रांगोळी झकास जमलीय, शमिका. पण मागच्या फळ्यावर हे कुणाचं नाव?

शमिका : कुठल्या फळ्यावर, अप्पा?

अप्पा : तुमच्या त्या जर्मन भिंगांच्या कंपनीच्या इन्स्टाग्रामवर ही दिवाळीची स्टोरी आहे ना, त्यात. तीस वर्षं कारखान्यात ड्रॉइंगं तपासली गं, नजर आधी कोपऱ्यातच जाते. गिऱ्हाईकाचं नाव, भिंगाचा नंबर, तारीख, सगळं वाचता येतंय.

शमिका : अगं बाई! अप्पा, त्यांचा करार सोमवारी व्हायचाय. आधी नाव फुटलं तर करारच करणार नाहीत, असं बजावलंय त्यांनी. आणि फोटो मीच काढला! माझी प्रोबेत्साइट, ती चाचणीची मुदत, संपायला नऊ दिवस राहिलेत. सरळ घरी बसवतील मला.

अप्पा : मग बघत काय बसलीस? फोन लाव.

(शमिका ऑफिसातल्या हृषिकेशला फोन लावून स्पीकरवर टाकते.)

शमिका : हृषिकेश, ती स्टोरी काढ, आत्ताच्या आत्ता. मागचा फळा दिसतोय!

हृषिकेश : आल्झो, थांब... अरे देवा. काढली. अगं, लोकांची खाजगी माहिती जपणाऱ्या त्या दातेनशुत्सवाल्या फ्राउ लेमाननी एकूणएक चेहरा पुसट करायला लावला. दोन तास तेच करत होतो. फळ्याकडे बघतंय कोण!

शमिका : पाहिली किती जणांनी?

हृषिकेश : वीसच मिनिटं होती. यादीत चौदा नावं. तेरा आपलेच. हा विष्णू एकावन्न कोण?

अप्पा : तो मी.

हृषिकेश : काका, वाचवलंत! शमिका, बॉसला मी सांगतो. टाकली मीच होती.

शमिका : फोटो माझा आहे. तिला लाइनवर घे, दोघं सांगू.

हृषिकेश : थांब, दुसऱ्या फोनवरून सांगतो तिला... हो, हो... गेनाऊ, अगदी बरोबर. शमिका, बॉस म्हणतेय, वेळेवर सांगितलंत, बरं झालं. पुढच्या वेळी आधी फळा पुसा, मग रांगोळी काढा. आणि तुझ्या कायम नोकरीच्या पत्रावर कालच सही झालीय.

शमिका : हुश्श! ठेवते रे.

अप्पा : चहा टाकू?

शमिका : टाका. अप्पा, तुम्ही तो फोटो पुढे नाही ना पाठवलात?

अप्पा : पाठवला की. घरच्या ग्रुपवर. त्रेचाळीस जण आहेत.

शमिका : अप्पा!

अप्पा : अगं, बघ तरी. फळा कापून टाकला. मला रांगोळीच दाखवायची होती.

शमिका : दाखवा... खाली काय लिहिलंय हे? ‘आमच्या शमिकाने काढली’?

अप्पा : ते राहू दे ना? की तेही गुपित आहे?