सोमवारचा कोंबडा

"आजी, सोमवारी सकाळी शाळेत 'आपलं शेत' खेळायचंय. तू यायचंच, कोंबडा व्हायचं!" आरोहीला हो म्हणताना लताबाईंना सोमवारचं मौन आठवलंच नव्हतं. दुपारपर्यंत शब्द नाही की आवाज नाही. मग आरवणार कसं? महादेवाच्या रांगेत त्या हाच घोर घेऊन उभ्या होत्या. पुढे दोघी आया बोलत होत्या.

"आमचा बैल झालाय. जेवायला वाढलं तर म्हणतो, कडबा दे!"

"आमची शेळी. पण बुजगावणं कोणीच होईना."

"का गं?"

"गप उभं राहायचं ना! मॅडम म्हणाल्या, मोठ्यांपैकी कोणीतरी व्हा."

"मग तू हो की."

"मी? अन् तोंड मिटून? लय अवघड, बाई!"

लताबाईंनी पिंडीवर बेल वाहिला, घरी जाऊन यजमानांचा जुना सदरा पिशवीत घातला आणि मुकाट्याने शाळेची वाट धरली.