कॅरियर लावायचा की नाही

महाराज बाड्यावरच्या सायकलच्या दुकानात वनमाला पंक्चर निघायची वाट पाहत बसली होती. शेजारी एक नवरा-बायको सायकल निवडत होते.

"भोपाळात चढणच चढण आहे म्हणे. हलकी घ्यावी का?"

"पण कचेरी नक्की जाणार का?"

"मध्यभारत राज्यच राहणार नाही, शालिनी. साहेब भोपाळ म्हणतात, हेडक्लार्क इंदूर म्हणतो."

"इंदूर बरं. दर उन्हाळ्यात कचेरी तिथं जायचीच, उन्हाळा संपला की तिच्याबरोबर इथं परत यायचात."

"आता ते येणं-जाणं बंद. म्हणून म्हणतो, मजबूत कॅरियरची घेऊ. तू मागे बसशील."

"माझी शाळेतली नोकरी इथं आहे."

"तिथं शाळा नसतील?"

"मराठी?"

"मग लांबच्या पल्ल्याची घेऊ? सुट्टीत सायकलनंच येईन."

"भोपाळहून? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"नाहीच ना! म्हणून तर विचारतोय. कॅरियर लावू की नको?"

"लावा. वळकटी राहील."

"आणि तुला रोज शाळेत कोण सोडणार?"

शालिनीताई दुकानदाराकडे वळल्या. "भैया, एक लेडीज़ भी दिखाना."

"अगं, तुला चालवता कुठं येते?"

वनमालाचं पंक्चर केव्हाच निघालं होतं. तिनं आपली सायकल आणून शालिनीताईंपुढे उभी केली.

"बसा, ताई. मी मागून धरते."