मास्तरांच्या प्रेरणेचा फॉर्म

…आता तुमीच सांगा, भिंत दोघांची एकच, तिकडं मास्तर खोकलले तर इकडं माझ्या चहात लाटा येतात, अन् रोज संध्याकाळी प्लांटात राबणारे पंधरा दणकट गडी एका सुरात 'आय अ‍ॅम गोइंग, यू आर गोइंग' करून राहिले असतील, तर माणसानं विचारू नये काय, की बाप्पा, सगळे मिळून चालले तरी कुठं? मी काही चौकशा करणारा माणूस नाही. मी फक्त विचारलं!

शामसुंदर मास्तर आमचे शेजारी. दिवसभर शाळेत इंग्रजी शिकवतात, अन् संध्याकाळी वऱ्हांड्यात पुन्हा तेच, अन् तेही फुकट! कावून? माझ्यासारख्या आठवी पास माणसाले हे काही उमगत नाही. मास्तरांच्या घरच्या रमावहिनीले विचारलं, तर त्या म्हणतात, "मले काय विचारता भैय्याजी, मले तर ते मराठीतही धड काही सांगत नाहीत!"

अन् अशातच भोपाळहून शिक्षण खात्याचा फॉर्म आला. पोस्टमननं चुकून माझ्याकडे टाकला, लिफाफाही जरासा उघडाच होता… म्हणजे थोडा मी… जाऊ द्या. 'अंग्रेजी पढ़ाने की आपकी प्रेरणा। शब्द-सीमा सौ।' ज्याचं उत्तर पसंत पडलं, तो नऊ महिने हैदराबादले ट्रेनिंगले, अन् आल्यावर लेक्चरर! मास्तर बारा वर्षांपासून ह्याचीच वाट पाहून राहिले होते. अन् आता फॉर्म समोर, पेन हातात, कागद कोरा!

मास्तरांच्याच शाळेतले संस्कृतचे विजयकुमार सर आले. "राष्ट्रसेवा लिहून टाका. म्या तेच लिहिलं."

"पण सर, तुमी तर संस्कृत शिकवता!" मास्तर म्हणाले.

"मग? राष्ट्र तेच आहे ना!"

आठव्या दिवशी मी वाटी घेऊन गेलो, साखरेच्या निमित्तानं. म्हटलं, मास्तर, खरं सांगा, कावून शिकवता? मी फक्त विचारलं!

मास्तरांनी चष्मा काढला. "भैय्याजी, चौसष्टची गोष्ट. मी एका ठेकेदाराकडे टाइमकीपर होतो. साहेब मद्रासकडचा, त्याले इंग्रजीशिवाय काही समजे ना. घरून निरोप आला, माय वर्ध्याले मरून राहिली, शेवटच्या घटका आहेत, लवकर ये. मी रजेचा अर्ज लिहिला. जसं बोलतो, तसंच शब्दाले शब्द लावून. माय मदर इज डेड अँड स्टेइंग अ‍ॅट वर्धा."

तुमाले सांगतो, मले हसू आलं. कशाले खोटं बोलू?

"साहेबही हसला," मास्तर म्हणाले. "म्हणे, मेली अन् वर्ध्यालेच राहते, तर मग घाई काय? दिवाळीत जा! दोन दिवस तो अर्ज ऑफिसभर फिरला. तिसऱ्या दिवशी नागपूरच्या एका कारकुनानं समजावलं, तवा साहेबानं सोताची जीप दिली स्टेशनापर्यंत. पोचलो, तर घरचे राख सावडून राहिले होते."

वाटी तशीच रिकामी घेऊन परतलो मी. फक्त विचारलं होतं, बाप्पा…

मास्तरांनी हेच सगळं चांगल्या इंग्रजीत लिहून पाठवलं. पंधरा दिवसांनी फॉर्म परत! 'कृपया प्रपत्र हिंदी में भरें।' घ्या! भरा हिंदीत! पण हिंदीत ती चूक येते कुठून? 'माँ मर रही है', झालं, सरळसोट वाक्य, हसायले जागाच नाही! मास्तरांनी चार वेळा खोडलं, अन् शेवटी उरलं ते एवढंच: 'माँ मर रही थी, छुट्टी नहीं मिली, इसलिए अंग्रेजी पढ़ाता हूँ।'

काल उत्तर आलं. 'आपकी छुट्टी का प्रकरण इस कार्यालय से संबंधित नहीं है। कृपया प्राचार्य के माध्यम से आवेदन करें।'

अन् हैदराबादले कोण चाललं? विजयकुमार सर! सकाळीच पेढे घेऊन मास्तरांकडे आले होते. म्हणे, "तिथं हजर झाल्याचा अर्ज इंग्रजीत द्या लागते, तेवढा लिहून देता काय?"

दिला ना मास्तरांनी लिहून! वरून दोनदा वाचून दाखवला, अन् तिसऱ्यांदा सरांकडून पाठ करून घेतला.