वाणात वाटलेली वकीलबाई

हॅलो? … हॅलो… हाव, मीच हाये, तुही माय. दुसरं कोन उचलीन या घरचा फोन? तुहे बाबा तं फोन वाजला की माह्याच तोंडाकडे पाह्यतात… बोल रुपाली. तुरी पाखडून राह्यली होती, सुपडं हातातच हाये. कोर्टातून बोलून राह्यली का? जेवली का?

काय झालं? … वाटी? कोनती वाटी?

अवं, मंग तसं सांग ना. हळदी-कुंकवाची वाटी. ते तुमच्या कोर्टातल्या भाऊराव वकिलायले कुठी भेटली? … उंद्रीले, साळीच्या घरी? हाव, आल्ती त्यायची साळी, आपल्या गोजरबाईसंगं. मीच देल्ली तिले वानात… कढी पेले? आन कढी सरली तं बुडातून तुहं नाव निंघालं? बरं झालं की मंग. अक्षर कसं वाटलं त्यायले?

चिल्लावू नको, आयकू येते मले.

हो, हो… अवं आयक ना. काय लिवलं ते सांगते. वरतं ‘अ‍ॅड. रुपाली पुंजाजी’, मंग तुहा नंबर, मंग ‘जमीन, धुरा-बांध, वाटणी, नवरा-बायको’, आन खालतं ‘एकदा अवश्य भेटा’… नाही नाही, ते शेवटचं माह्या मनातलं नाही. भांडेवाला म्हने, ताई, जागा उरली, लोक हेच टाकतात. मी म्हनलं टाका.

किती जनीले? … समद्यायले. अमडापूरच्या बाया आल्या तेवढ्या, उंद्रीच्या पावन्या, आन डोणगावची तुही मावशी तं गठ्ठाच घेऊन गेली. तिच्या गल्लीत वाटल्या म्हने तिनं… डोणगाव मेहकर तालुक्यात हाये, माहीत हाये मले. तठी काय लोकं भांडत नाहीत का?

नियम? कायचा नियम? … वकिलानं आपली जाहिरात कराची नाही? … बोर्ड बी मोठा लावाचा नाही? गिऱ्हाईक बोलवाचं नाही? मंग ते येईन कसं? … आपल्या मनानं? अवं, बकरी बी आपल्या मनानं घरी येत नाही, तिले बी हाक माराव लागते.

पन मी कुठी वकील हाये? नियम तुले हाये, मले थोडाच हाये… दुसऱ्याच्या हातानं बी चालत नाही? … मायच्या बी? आता माय दुसरी कवापासून झाली? असं पुस्तकात लिवलं हाये का? दाखव मले ते पुस्तक.

बरं, बरं. काय म्हनले भाऊराव वकील? … पाच वाजेपर्यंत समद्या वाट्या त्यायच्या टेबलावर? नाहीतं? … मुंबईच्या बार कौन्सिलले लिहून पाठवतात? … सनद जाईन? तुही सनद? म्हंजे काळा कोटच घालता येनार नाही?

थांब, सुपडं खाली ठेवते.

मले माहीत नव्हतं वं. तुह्या सनदीची गोष्ट असती तं मी वाटी काय, चमचा बी वाटला नसता. पन तू बी आयक. दिवाळीच्या अगोदर मी डबा घेऊन आल्ती ना कोर्टात? तू लिंबाखाली टेबल मांडून बसेल होती. लोकं तुह्याजवळ यायचे, मले वाटे आले गिऱ्हाईक. ते विचारत, बाई, भाऊराव वकील कुठी बसतात? तू बोट दाखवत होती. एक जन तं तुहाच पेन घेऊन गेला आन त्यायच्याकडूनच अर्ज लिहून घेतला. मी टपरीच्या मांगून समदं पाह्यलं. तुले डबा देल्ला, काही बोलली नाही आन यष्टीत बसली. लय वाईट वाटलं मले. एवढी शिकवेल पोरगी, आन लोकायले तिचं बोटच तेवढं कामाचं. तवाच ठरवलं, औंदा वान द्याचं तं असं द्याचं का घरोघरी तुहं नाव ताटात आलं पाह्यजे.

आता कोन रडून राह्यलं? तू का मी? … बरं, दोघीबी नको रडू.

करते गोळा. पन वान परत कसं मांगाचं? सवाष्णीच्या पदरात टाकेल वस्तू काढून घ्याची? जलमभर बोलतील बाया… हाव, सनद मोठी, वान लहान. समजलं.

आयकलं का? … तुले नाही, तुह्या बाबाले बोलून राह्यली. आयकलं का, त्या रुपालीच्या वाट्या परत पाह्यजेत. समद्या. हाव, आताच. भोंग्यावर सांगा मारुतीच्या देवळात. हेबी सांगा का रुपालीले केस-गिस काही नको.

गेले. … भोंगा नको होता? मंग मी काय दारोदार फिरू, तुहे पाच वाजतीन ना… थांबवू कसे? त्यायचा फोन इथीच खुंटीले टांगेल हाये.

थांब… सुरू झालं. आयक. फोन खिडकीत धरते…

आयकू आलं? नाही? बरं, मीच सांगते. म्हनून राह्यले, ‘गावकऱ्यायनो, आमची रुपाली वकील झाली हाये, पन तिले केस नको हाये. ती चिखलीच्या कोर्टात लिंबाखाली बसते. तठी कोनी जाऊ नये. तिचा नंबर लिहून घ्या…’

हाव, नंबर सांगून राह्यले. म्हनतात, ‘या नंबरवर कोनीबी फोन करू नये.’

दोनदा सांगतला. तिसऱ्यांदाबी.

तू कपाळावर हात मारून घेऊ नको, आवाज येते मले. त्यायनं चांगल्या मनानंच केलं… आता कोन आलं? थांब, फाटक वाजलं.

या, या. वाट्या आनल्या का? … रुपाली, पाच-सहा बाया आल्या. जानराव बी हाये. वाट्या नाहीत वं, पिशव्या हायेत हातात. … कायच्या कायच्या, सातबाराच्या.

म्हनून राह्यल्या, बाकीचे वकील यष्टीतून उतरलं का बाही धरून ओढतात, आन हे नको म्हनते, म्हंजे मोठीच असंन. जानराव सांगून राह्यला, त्याच्या आज्याच्या टायमाले मेहकरले असा एक वकील होता. कोनाले दारात उभं करत नव्हता, आन एकबी केस हारला नाही… अवं, केस घेतच नव्हता तं हारीन कसा, मलेबी समजते. पन जानरावले कोन समजावीन?

नाही हो बाई, रुपालीले केस नको. जा तुमी घरी. … पाह्य, मी नको म्हनलं तं दोघी आनखी बसल्या. एक म्हनते चहा टाक.

हे पाह्य, गोजरबाई आली. हिच्या हातात वाटी हाये. देव पावला. … आना गोजरबाई, द्या इकडे… द्या ना… काऊन नाही? … अवो, त्या वाटीपायी माह्या पोरीची सनद जाऊन राह्यली… ओढू नका… मी कुठी ओढून राह्यली, तुमीच ओढून राह्यल्या…

रुपाली, हे म्हनते, पदरात पडलं ते माहं झालं. ह्या वाटीत देवाले निवद दाखवते म्हने. माह्या वाटीले हात लावशीन तं कोर्टात खेचीन तुले. मले, तुह्या मायले, वानाच्या वाटीसाठी.

सोडली मी. घे बाई, घे.

आता फोन काढला तिनं. वाटी उलटी-सुलटी करून चष्म्यातून पाहून राह्यली…

काय म्हनली? तुह्या फोनवर मधातच दुसरा फोन येऊन राह्यला? … अवं, ते गोजरबाईच हाये. माह्यासमोर उभी हाये, एक हात कमरेवर. दुसऱ्या वकिलाचा नंबरच नाही तिच्याजवळ. उचलू नको तू.

उचलाच लागीन? काऊन? … हाव, बोलावलं तं नाही तिले. उलटं नकोच म्हनलं. आपल्या मनानं आली… म्हंजे नियमात बसते?

थांब, सावकाश सांग. … वाटीचा दावा लागला तं निकालापर्यंत वाट्या कोनीच हलवाच्या नाहीत? भाऊराव वकिलानंबी नाही? त्यायनं आनून टेबलावर ठेवेल वाटी बी साळीच्या घरी वापस जाईन? … आन निकाल कवा लागते? … एवढी वर्षं? तवर वाटी दाखवून मुंबईले लिहिता येत नाही, आन सनद राह्यते?

आन तुही हे पहिली केस. … पहिलीच, खरंच?

मंग उचल. उचल लवकर, ते तापट हाये, ठेवून देईन… पन रुपाली, एक सांग. तू तिच्या बाजूनं उभी राह्यली तं माह्या बाजूनं कोन…

हॅलो? … हॅलो?

लागला का फोन, गोजरबाई? … उचलला ना तिनं? नीट सांगा मंग, घाई करू नका. दाव्यात माहं नाव पुरं लिहून घे म्हना, वंदना पुंजाजी. आन विचारा तिले, जेवली का.