जुझेकाकांच्या ड्रमच्या तारा

मालाची तारीफ करणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकदाच झालो, तेही भुईगावला. लग्नाच्या बँडमध्ये चाळीस वर्षं वाजवलेला, खालच्या कातड्यावर तारा ताणलेला स्नेअर ड्रम जुझेकाकांनी विकायला काढला होता.

"खालच्या तारा मेल्यात रे. ती चरचर येतच नाही आता. तुला पटेल ते दे."

जुनी वाद्यं घेताना करतो तसं मी सवयीप्रमाणे सगळं तपासलं. ड्रम काचेच्या टेबलावर ठेवला, तर काठाखाली कुठेच फट नव्हती, म्हणजे कडं वाकलेलं नव्हतं. तारा एकदम सरळ होत्या. काठी मारली आणि स्वच्छ चरचर उठली.

"काका, तारा मस्त वाजतायत."

"गिऱ्हाईक असून तारीफ? म्हाताऱ्याची मस्करी करतोस काय?"

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या काकूंनी हळूच स्वतःच्या कानाला हात लावून दाखवला. काय गेलंय ते मला कळलं, पण सांगायचं कसं? मी काकांची बोटं खालच्या तारांना हलकेच टेकवली आणि वर काठी मारली. मग पुन्हा एकदा.

काकांनी बोटं तारांवरून काढलीच नाहीत.

"जिवंत आहेत की गं," ते काकूंना म्हणाले. "तो कानाचा डॉक्टर कुठे बसतो म्हणालीस?"