गूळतुला आणि चंद्र

...आणि नकार कळवायचा तरी कुठे, तर भुसावळच्या फलाटावर! तुम्हाला सांगतो, रविवार, सत्तावीस जुलै एकोणीसशे एकोणसत्तर, स्टेशनच्या घड्याळाप्रमाणे चार वाजून दहा मिनिटं, आणि सांगणारे कोण, तर स्थळ आणणारे सुकदेवभाऊ. "निर्मलकुमार, मुलगा चांगला आहे म्हणाले, पण ताजवा कळत नाही." मला? पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेल्या माणसाला? आकडा बरोबर होता हो.

त्याच्या आधीच्या मंगळवारी, म्हणजे चंद्रावर माणूस उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी धरणगावला कुसुमलताला पाहायला गेलो होतो. भुसार मालाचे व्यापारी, बैठकीतच मोठा ताजवा, दोन पारड्यांचा तराजू, टांगलेला. तिच्या आजी, सुगनबाई, म्हणाल्या, "बेटा, माझा नवस आहे. लग्न ठरलं की जावयाची गूळतुला. एका पारड्यात तू, दुसऱ्यात गूळ." आता इथे मी गप्प बसायला काय हरकत होती? पण कुसुमलता नुकतीच पाण्याचा पेला ठेवून आत गेली होती, दाराचा पडदा अजून हलत होता, आणि पृथ्वीची ओढ, जी दर किलोग्रॅममागे नऊ पूर्णांक आठ न्यूटन असायला हवी, ती त्या बैठकीपुरती मंगळाएवढी, तीन पूर्णांक सातवर आल्यासारखी वाटत होती... गादीवरून मी किंचित उचललाच गेलो असेन... अशा अवस्थेत मी म्हणालो, "आजी, हीच तुला चंद्रावर केलीत तर गूळ एक-षष्ठांशच लागेल."

आकडा बरोबर होता.

पडद्याआडून आवाज आला, "मंग गूळ बी हलका व्हई ना?"

बैठक हसली. तिचे वडील लखीचंदजी डोळे पुसत म्हणाले, "दोन्ही पारडी चंद्रावरच ना, मास्तर?" स्प्रिंगच्या काट्यावर माझं म्हणणं टिकलं असतं, पण ताजव्यात नाही; ताजवा गुरू ग्रहावर न्या, जिथे ओढ पंचविसाच्या घरात, तरी गूळ तितकाच.

पुढे मी जळगावची नोकरी सोडून धुळ्याची धरली. कारण सांगतो. ग्रहाच्या केंद्रापासूनचं अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई होते, आणि धरणगाव जळगावहून जेवढं, त्याच्या जवळजवळ दुप्पट धुळ्याहून. सहा वर्षं झाली. संध्याकाळी वर्ग सुटला की पांझरा नदीच्या काठी बसतो, चंद्र वर येतो, कुठला तरी पडदा हलतो... ओढ चौथाई झाल्याचं अद्याप निरीक्षणात आलेलं नाही. आकडा बरोबर आहे.

फक्त एका गोष्टीची खात्री कधीच करता आली नाही. पडद्याआड स्वयंपाकाच्या बेबाबाईही होत्या, आणि त्यांच्याशी कुसुमलताही त्यांच्याच बोलीत बोलायची. आवाज बेबाबाईंचा असेल, तर प्रश्न नाही. कुसुमलताचा असेल, तर मुलगी मला अगदी योग्य होती, आणि नकारही.